न विचारणारे आबाजी

माझ्या भावाची नात हॉटेल मॅनेजमेंट शिकते. परवा सौंसरला आली ती कागदांचा गठ्ठा घेऊनच. पाहुण्याचं समाधान कशात असतं, यावर तिचं संशोधन चाललंय म्हणे. पाहुणा आला की काय विचारायचं, राहत असताना काय विचारायचं, निघताना काय विचारायचं, असे प्रश्नच प्रश्न. "आजी, आता सगळे हेच सांगून राहिले, पाहुण्याला विचारल्याशिवाय त्याच्या मनातलं कळत नाही," ती म्हणाली. मी म्हटलं, "खरं आहे बाई तुझं." एवढं बोलले आणि पदर डोळ्याला लावला. पोरगी घाबरली. तिला वाटलं, आपले प्रश्न चुकले. प्रश्न बरोबर होते गं. मला पांढुर्ण्याचे आबाजी आठवले.

स्वातंत्र्य मिळालं त्याच्या पुढच्या वर्षी मी पांढुर्ण्याच्या मुलींच्या शाळेत मास्तरीण म्हणून लागले. घर सौंसरला, वडिलांची संत्र्याची बाग. एकट्या पोरीनं परगावी राहायचं म्हणजे केवढं संकट! वडिलांनी तोडगा काढला. स्टेशनाजवळ कापसाच्या एका व्यापाऱ्यानं आईच्या नावानं बांधलेली धर्मशाळा होती, तिची मागची खोली मला मिळवून दिली. "आबाजी तिथं आहेत, मग मला फिकर नाही," म्हणाले. आबाजी त्या धर्मशाळेचे व्यवस्थापक. गाव त्यांना मॅनेजर म्हणायचं, पण हा मॅनेजर स्वतः विहिरीचं पाणी ओढायचा, सतरंज्या झटकायचा आणि चुलीपुढे बसून भाकरी थापायचा. बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती. उंच, सडपातळ, खांद्यावर कायम एक ओला पंचा. डोळ्यांत मोतीबिंदू उतरायला लागला होता, आणि माणसाकडे बघताना मान जराशी कलती करायची मूळचीच सवय. नव्या माणसाला वाटायचं, काय आदबशीर म्हातारा आहे!

इतर धर्मशाळांत मुसाफिरानं आपलं आपण रांधून खायचं. आबाजींच्या इथंही तीन दगडांच्या चुली मांडलेल्या होत्या, पण पहिलं जेवण त्यांच्या हातचं. गाडी आली, पायरीवर कोणी दिसलं, की आधी पाणी, तांब्यासारखा गडवा भरून. मग पाय धुवायला ऊन पाणी. मग सतरंजी. मग ताट: भाकर, फोडणीचं वरण, वांग्याची भाजी, वर मिरचीचा ठेचा. या सगळ्यात माणूस एक शब्द विचारायचा नाही. नाव नाही, गाव नाही, जात नाही, कुठून आले नाही, कुठं चालले नाही, कधी जाणार हे तर नाहीच नाही. जेवण झाल्यावरही नाही. पाहुण्यानं आपण होऊन सांगितलं तर ऐकायचे, नाही सांगितलं तर पाणी भरायला निघून जायचे.

मी मुळातच चौकस. त्यात मास्तरीण. मला हे सहनच व्हायचं नाही. एकदा म्हटलं, "आबाजी, अहो, निदान नाव तरी विचारा! आपल्या घरात कोण झोपलंय ते माहीत नको?"

"झोपला हाये ना? मंग झालं तं."

मी कपाळावर हात मारून घेतला.

धर्मशाळेत वही होती. येणाऱ्याचं नाव लिहायचा नियम होता. एकदा पोलीस जमादार ती तपासायला आला. वही उघडली तर पानंच्या पानं: मुसाफिर एक. मुसाफिर दोन. बाई आणि लेकरू. म्हातारबाबा, खोकला. जमादार तापला. "ये क्या है? नावं कुठं आहेत?"

"नावं त्याईच्याजवळ हायेत, सायेब," आबाजी शांतपणे म्हणाले, "मी ठेवून नाही घेतली. तुमी बसा जी, भाकर टाकतो." जमादार जेवून गेला. वहीत त्याचीही नोंद झाली, मुसाफिर एक.

हा नियम कुठून आला, ते त्यांनी मला एकदाच सांगितलं. धर्मशाळेत नवे नवे होते तेव्हाची गोष्ट. तिगावकडून एक माणूस आला, मांडीवर कोऱ्या लाल कापडाचं गाठोडं. आबाजींनी ताट वाढलं आणि हौसेनं विचारलं, "काऊन जी, लग्नाले चालले का? नवं कापड दिसून राहिलं." माणसाच्या हातातला घास हातातच राहिला. गाठोड्यात त्याच्या लेकीच्या अस्थी होत्या. तो ताटावरून उठला तो परत बसलाच नाही. "माह्या ओसरीवरून उपाशी गेलेला तो एकच मानूस, बाई," आबाजी म्हणाले. "तवापासून कानाले खडा. ज्याले सांगायचं असन तो सांगन. आपन कायले कोनाच्या जखमेत बोट घालावं?"

मला ते पटलं. पटेल नाही तर काय! त्याच वर्षी सिंधमधून आलेलं एक कुटुंब गाडीतून उतरलं, सगळं गमावून. गावातली चार शहाणी माणसं ओसरीवर जमली. कोण आहेत, कुठले, किती दिवस राहणार, इथंच ठाण मांडलं तर काय? आबाजी ताटं मांडत होते. मान कलती करून म्हणाले, "त्याईले आंधी जेवू द्या. तुमीबी बसा." ते कुटुंब चार महिने राहिलं. त्यांच्यातली म्हातारी कुणाशी बोलायची नाही, भिंतीकडे तोंड करून बसायची. एके दिवशी दुपारी आबाजी शेंगा निवडत बसले होते, तिथं येऊन ती आपणहून बोलायला लागली. तिची भाषा आबाजींना ओ की ठो कळत नव्हती. तरी संध्याकाळपर्यंत ते "हो ना माय", "हो ना माय" करत ऐकत राहिले. म्हातारी रडली, मग जेवली. त्या दिवशी मी मनातल्या मनात त्यांच्या पाया पडले.

पण या भल्या माणसाच्या घरात एक जागा होती, तिकडे कुणी जायचं नाही. त्यांना एक मुलगा होता. नागपूरला कॉलेजात शिकायला गेला, बेचाळीसच्या धामधुमीत तुरुंगात गेला, सुटला आणि तिथल्याच एका कार्यकर्त्याच्या बहिणीशी लग्न करायचं ठरवून बापाला सांगायला आला. मुलगी दुसऱ्या जातीची. आबाजींनी त्याला याच ओसरीवर उभं ठेवून विचारलं. ती कोनाची? बाप कोन? जात कोनती? घरदार काय? पोरगा म्हणाला, "आबा, मुसाफिरालाही तुम्ही एवढं विचारत नाही." आणि पाणीसुद्धा न पिता आल्या गाडीनं परत गेला. आबाजींनी त्या दिवसापासून त्याचं नाव टाकलं. नावच काढू द्यायचे नाहीत. मी गेले तेव्हा गावानं मला पहिली ताकीद दिली ती हीच: आबाजींसमोर पोराचा विषय नको. त्यामुळे त्याचं नाव काय होतं, हेही मला ठाऊक नव्हतं.

छप्पन सालची गोष्ट. नवी राज्यं होणार म्हणून जिकडे तिकडे तेच बोलणं. आमचं सौंसर-पांढुर्णा मध्यप्रदेशात राहणार, नागपूर मुंबई राज्यात जाणार. आजवर भाजी आणायला जावं तसे आम्ही नागपूरला जायचो, ते आता परराज्य! पोळा होऊन गेला होता, पितृपक्ष लागला होता. आबाजींच्या वडिलांची तिथी होती. सकाळपासून ते सोवळ्यात रांधत होते. खीर, वडे, कढी. तेवढ्यात सकाळच्या पॅसेंजरनं एक बाई आली, बोट धरून पाचेक वर्षांची मुलगी. बाईच्या कपाळी कुंकू नव्हतं. डोक्यावरून पदर. ओसरीच्या खांबाशी येऊन उभी राहिली, बोलली काहीच नाही.

आबाजींनी पाणी दिलं, पाय धुवायला ऊन पाणी दिलं, सतरंजी अंथरली. तिथीचं पान वाढलं, कावळ्याला घास ठेवला. बाई सगळं टक लावून बघत होती. मग तिला ताट दिलं. ती जेवली, पण खिरीच्या वाटीला तिनं हात लावला नाही. वाटीला नमस्कार केला आणि बाजूला सरकवली. मुलगी मात्र दोन वाट्या खीर प्यायली. आबाजी हरखले, तिसरी वाटी वाढायला निघाले.

बाई दोन दिवस राहिली. आबाजी समोरून गेले की उठून उभी राहायची, पदर सावरायची. मला राहवेना. मी तिच्याकडे निघाले तर आबाजींनी पंचा आडवा धरला. "बाई, विचारू नोका. दुखाची दिसते. सांगायचं असन तं सांगन."

आयुष्यात मी फार थोड्यांचं ऐकलं. त्या दिवशी ऐकलं.

दुसऱ्या दिवशी मी विहिरीवर धुणं धूत होते, तर तीच माझ्याजवळ आली. हळूच म्हणाली, "यांना मूलबाळ कोणी नाही का?"

मी कपडे पिळता पिळता, अगदी शहाणपणानं, तिला सांगितलं, "एक मुलगा आहे म्हणतात. पण तुम्ही चुकूनही विषय काढू नका हो. त्याचं नाव काढलेलं खपत नाही त्यांना."

ती "बरं" म्हणाली. मग माझी बादली उचलून तिनं ओट्यावर ठेवून दिली आणि गेली. आग लागो माझ्या जिभेला! आबाजी दिसले की ती उठून पदर का सावरते, हे मला कळू नये? तिची पोरगी आबाजींसारखीच मान कलती करून माझ्याकडे बघत होती, तरी माझ्या डोक्यात प्रकाश पडला नाही.

दुपारच्या गाडीला ती निघाली. आबाजींच्या पायांवर डोकं ठेवलं. उठायला वेळ लावला. ते म्हणाले, "सुखी राहा माय. पुन्हा या." ती पायरीवर थांबली. आत्ता बोलेल, मग बोलेल, असं मलासुद्धा वाटलं. आबाजींना वाटलं, आपण समोर उभे आहोत म्हणून ती संकोचून राहिली. ते बिचारे पाणी भरायला मागे निघून गेले.

महिन्याभरानं पत्र आलं. आबाजींना अक्षर दिसेनासं झालं होतं. "बाई, वाचा बरं, कोनाचं हाये," म्हणून त्यांनी माझ्याच हातात दिलं. मी मोठ्यानं वाचायला लागले.

"तीर्थस्वरूप मामंजींस, सुमनचा शिरसाष्टांग नमस्कार. हे चैत्रात गेले. छातीचं दुखणं तुरुंगापासूनचंच होतं. जाताना म्हणाले, आबांकडे जा, मी सांगितलं म्हणून सांगू नकोस, ते विचारतील तेव्हाच सांग. यांच्या नावानं पाणी सोडायला घरात पुरुष माणूस नाही, ते आपल्या हातून व्हावं म्हणून पितृपक्षात आले होते. ते होईपर्यंत गोड खायचं नाही असा नेम आहे, म्हणून खिरीला हात लावला नाही. सुनेनं आधी तोंड उघडू नये, म्हणून आपल्या विचारण्याची वाट पाहिली. आपण दोन दिवस आपल्या हातानं वाढलंत, पण मी कोणाची हे एकदाही विचारलं नाहीत. यांचं नावही आपल्याला चालत नाही, हे तिथंच कळलं. मी समजले. माझा राग नाही. मी इथं सरकारी कचेरीत टायपिस्ट आहे. कचेरी हलणार म्हणतात, कुठं ते ठरलेलं नाही. आता पुन्हा त्रास देणार नाही. छबी आपल्या खिरीची आठवण काढते."

खाली सही. पत्ता नाही. वर नुसतं नागपूर.

वाचायला सुरुवात केली तेव्हा मला काय ठाऊक, मी काय वाचत्येय! मध्येच थांबताही येईना. आबाजी उभे होते ते हळूहळू खाली बसले. म्हणाले, "तिथंच कळलं म्हनते. कोनं सांगतलं तिले? बाई, तुमाले काही विचारलं होतं का तिनं?"

"नाही," मी म्हटलं.

हो, मी खोटं बोलले. शाळेत पोरींना खोटं बोललं म्हणून छड्या मारणारी मी. भीती वाटली. त्या म्हाताऱ्याच्या तोंडाकडे बघून माझी छातीच झाली नाही.

दुसऱ्या दिवशी पहिल्या गाडीनं ते नागपूरला गेले. मग पुन्हा गेले. तिसऱ्या खेपेला मी सोबत गेले. मोठ्या सरकारी कचेरीत नुसता गोंधळ. खोक्यांत फायली भरून राहिले होते, काही खोक्यांवर भोपाळ लिहिलेलं, काहींवर मुंबई. कारकुनानं विचारलं, "बाईंचं खातं कोणतं?" माहीत नाही. "नवऱ्याचं नाव?" आबाजींचे ओठ हलले, आवाज येईना. शेवटी त्यांनी अंदाजानं चाचपत चिठ्ठीवर लिहून दिलं. कारकून भला होता. त्यानं आत जाऊन पाहिलं आणि हात हलवत आला. "आजोबा, याद्या गेल्या. निम्मी माणसं भोपाळला, निम्मी मुंबईला. काहींनी नोकरी सोडली. आता कोण कुठं, ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही." आबाजींनी चिठ्ठी घडी घालून खिशात ठेवली. भोपाळला पत्रं मी लिहिली, मुंबईला पत्रं मी लिहिली. नवऱ्याच्या नावाची जागा मोकळी सोडायची, ती आबाजी पाठमोरे होऊन स्वतः भरायचे आणि पाकीट बंद करायचे. एकाचंही उत्तर आलं नाही.

परतीच्या गाडीत ते म्हणाले, "परक्याले कधी कोन म्हनून विचारलं नाही, बाई. पोटच्या पोराले विचारलं. आन् सून दारात उभी होती, तिले नाही विचारलं. दोन्ही येळेले उलटंच केलं मी." आणि डब्यातल्या माणसांसमोर ते हमसून हमसून रडले. गावातल्या भटजींनी मुलाच्या नावानं पाणी सोडायचं सुचवलं, तर ऐकेनात. "सून येईन, मंग तिच्यासमोर सोडीन. तिले पाहू द्या माह्या हातून." मुलाचं पाणी तसंच राहिलं.

त्यानंतर आबाजी विचारायला लागले. मुसाफिरानं पायरीवर पाय ठेवला रे ठेवला की, "कोनाचे जी तुमी? नागपूरचे का? भोपाळाहून आले का? कचेरीत टाइप करनारी सुमन नावाची बाई पाहिली का? लेकरू हाये संगं." आधी पाणी देणारा माणूस पाणी द्यायचं विसरायला लागला. बायका बिचकायच्या. एकीच्या नवऱ्यानं तर भांडण काढलं. लोक धर्मशाळा टाळायला लागले, विश्वस्तांकडे तक्रारी गेल्या. त्यांनी समजावून पाहिलं आणि शेवटी दुसरा मॅनेजर नेमला. आबाजींना एक कोपरा राहायला दिला. ते हुं की चूं बोलले नाहीत. त्यांना आता दुसरं काम होतं. भोपाळकडे जाणारी गाडी आली की बादली आणि गडवा घेऊन फलाटावर जायचं आणि खिडकीखिडकीशी पाणी देत विचारायचं.

पुढल्या वर्षी माझं लग्न झालं. बैतूलला दिलं. निघण्याआधी आबाजींना खरं काय ते सांगायचं, असं रोज ठरवत होते. रोज उद्यावर ढकललं. न सांगताच गेले.

दोनेक वर्षांनी नागपूरहून बैतूलला परतत होते. मांडीवर माझी मुलगी. दुपारची वेळ. पांढुर्णा आलं आणि माझा जीव घाबराघुबरा झाला. उतरू का, लपू का, काही सुचेना. तोच खिडकीतून गडवा आत आला.

"पानी घ्या माय. लेकराले पाजा. कोनाच्या जी तुमी?"

डोळे पार पांढरे झाले होते. पंचा खांद्यावर तसाच.

"आबाजी, मी. मास्तरीणबाई."

"बाई! तुमी हायेत?" त्यांनी खिडकीचा गज धरला. "लेकरू तुमचं? काय हाये?"

"मुलगी आहे." आणि मग मला थांबवेना. घाईघाईनं, गाडी सुटेल या धास्तीनं, सगळं ओकून टाकलं. "आबाजी, तिनं मला विचारलं होतं. विहिरीवर. तुम्हाला मूलबाळ आहे का म्हणून. मीच तिला सांगितलं, मुलाचं नाव काढू नका, खपत नाही म्हणून. मी तुमच्याशी खोटं बोलले. माझ्यामुळे गेली ती."

मला वाटलं, शिव्या देतील. द्याव्यात, असंच वाटत होतं. त्यांनी मान कलती केली.

"तुमी तं खरंच सांगतलं तिले, बाई," ते म्हणाले. "नव्हतोच काढू देत मी."

शिट्टी झाली. गाडीनं हिसका दिला. ते खिडकीसोबत चालायला लागले. एका हातात बादली, पाणी हिंदकळून धोतरावर सांडत होतं.

"वसंता," ते म्हणाले. मला आधी कळलंच नाही. "वसंता नाव माह्या पोराचं. तिकडं कुठं भेटली तं सांगा तिले. सांगा का आबाजीनं नाव घेतलं म्हनून. वसंता."

"सांगते," मी ओरडले. "सांगते आबाजी!"

फलाट संपेपर्यंत ते चालत आले. मी मागे वळून पाहिलं तेव्हा ते कडेला थांबले होते आणि सरकत्या प्रत्येक डब्याकडे तोंड करून मोठमोठ्यानं तेच नाव सांगत होते.